रने देकार्त आणि मध्यबिंदूचं सूत्र: भूमितीचे आकडे कसे झाले?

फोनमध्ये एखादा ग्रुप फोटो उघडा आणि दोन बोटांनी झूम करा. फोटो मोठा होतो, पण कुठल्या जागेपासून? स्क्रीनच्या मध्यापासून नाही, तर तुमच्या दोन बोटांच्या बरोबर मधून. म्हणून तर कोपऱ्यात उभ्या असलेल्या मित्राच्या तोंडावर बोटं ठेवली की त्याचंच तोंड मोठं होतं.

आता प्रश्न असा, की फोनला ही मधली जागा कळते कशी? त्याच्याकडे पट्टी नाही, कंपास नाही, 'मध्य' बघायला डोळे नाहीत. त्याच्याकडे फक्त आकडे आहेत. समजा एक बोट (२००, ९००) या पिक्सेलवर आहे आणि दुसरं (६००, १५००) वर. फोन २०० आणि ६०० ची बेरीज करतो, दोनाने भागतो, ४०० येतात. ९०० आणि १५०० चं तसंच, १२०० येतात. मध्य सापडला: (४००, १२००).

दहावीच्या पुस्तकातलं निर्देशक भूमितीचं प्रकरण आठवत असेल, तर हे मध्यबिंदूचं सूत्र तुम्हाला माहीत आहे. बहुतेक जण ते पाठ करतात, मार्क घेतात आणि विसरतात. त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. पण जरा थांबून बघा. मध्य ही गोष्ट खरं तर चित्रातली आहे. कागदावर दोन टिंबं, मध्ये रेघ, त्या रेघेचा अर्धा. बेरीज आणि भागाकार ही हिशोबाच्या वहीतली गोष्ट. चित्रातल्या प्रश्नाचं उत्तर हिशोबाच्या वहीत मिळतं, हे कुणीतरी आधी ठरवावं लागलं. ते ठरवणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव रने देकार्त. लॅटिनमध्ये कार्तेसियस, आणि त्यावरून आपण इंजिनिअरिंगला घोकतो ते 'कार्टेशियन'.

सकाळी न उठणारा मुलगा

देकार्तचा जन्म ३१ मार्च १५९६ चा, फ्रान्समधल्या तूरेन भागातल्या ला एय नावाच्या गावात. (या गावाचं नाव आज देकार्त आहे.) आई तो अगदी लहान असतानाच गेली. वडील ब्रिटनीच्या न्यायालयात मोठ्या पदावर होते, त्यामुळे ते लांब असायचे. मुलगा आजीकडे वाढला. तब्येत नाजूक, म्हणून ला फ्लेशच्या जेझुइट शाळेत त्याला एक सवलत मिळाली: बाकीची मुलं पहाटे उठून प्रार्थनेला जायची, हा बिछान्यात पडून राहू शकायचा. ही सवय त्याने जन्मभर सोडली नाही. सकाळी उशिरापर्यंत पडून विचार करायचा, दुपारी लिहायचं. पुढे ही सवय मोडावी लागली तेव्हा काय झालं, ते शेवटी येईलच.

याच बिछान्यावरून माशीची गोष्ट निघाली असणार. तुम्ही ती ऐकली असेल: देकार्त आडवा पडून छताकडे बघत होता, छतावर माशी फिरत होती, आणि दोन भिंतींपासूनच्या अंतराने तिची जागा सांगता येईल हे त्याला सुचलं. गोष्ट छान आहे. पण त्याच्या स्वतःच्या लिखाणात अशी माशी कुठेच नाही. आणि मला ती आवडत नाही याचं कारण वेगळं आहे. ती असं सुचवते की अवघड काम म्हणजे जागेला आकडे देणं. ते काम तर आधीच झालेलं होतं. टॉलेमीने अक्षांश-रेखांश देऊन गावांच्या याद्या केल्या होत्या, तेही दीड हजार वर्षांपूर्वी. चौदाव्या शतकात निकोल ओरेमने आलेखासारख्या आकृत्याही काढल्या होत्या. अवघड काम वेगळंच होतं.

शाळा झाली, पुआतिए इथे १६१६ मध्ये कायद्याची पदवी झाली, आणि वकिली करायची सोडून हा सैन्यात गेला. १६१८ मध्ये हॉलंडमधल्या ब्रेडा गावात मॉरिस ऑफ नासाऊच्या सैन्यात तो होता. लढाई काही चालू नव्हती. तिथे नोव्हेंबरमध्ये त्याची इझाक बेकमन या माणसाशी ओळख झाली. बेकमन त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, आणि गणित लावून निसर्गातले प्रश्न सोडवायची त्याला खोड. पडणारी वस्तू, पाण्याचा दाब, वाद्याच्या तारा. बावीस वर्षांच्या देकार्तला असा माणूस पहिल्यांदाच भेटला होता. संगीतातल्या गुणोत्तरांवर एक छोटं पुस्तक लिहून त्याने ते बेकमनला नववर्षाची भेट म्हणून दिलं. पुढे दोघांचं बिनसलं, कारण बेकमनकडून आपण काही शिकलो हे देकार्तला मान्य करवेना. हे लक्षात ठेवा. श्रेय वाटून घ्यायच्या बाबतीत हा माणूस कायम कंजूष होता.

१६१९ च्या १० नोव्हेंबरच्या रात्री, दक्षिण जर्मनीत एका गरम शेगडीच्या खोलीत त्याला तीन स्वप्नं पडली, आणि सगळ्या ज्ञानाला एकच पद्धत लावता येईल असं त्याच्या मनाने घेतलं. स्वप्नांचा अर्थ लावणं हा आपला विषय नाही. पण 'एकच पद्धत' हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक गणिताला वेगळी युक्ती शोधायची नाही, सगळ्यांना चालेल असा एक रस्ता शोधायचा. आजच्या भाषेत, त्याला अल्गोरिदम हवा होता.

लांबीला लांबीने गुणलं तर काय येतं?

१६२८ मध्ये तो हॉलंडमध्ये राहायला गेला आणि पुढची वीस वर्षं तिथेच राहिला. गावं आणि घरं मात्र सतत बदलत होता. लोकांनी शोधून काढू नये असंच त्याला वाटायचं.

१६३१ मध्ये लायडनचा प्राध्यापक गोलियस याने त्याला एक जुना ग्रीक प्रश्न दिला. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने तो नोंदवून ठेवला होता. प्रश्न साधारण असा: कागदावर चार रेषा आहेत. असे सगळे बिंदू शोधा, की पहिल्या दोन रेषांपासूनच्या अंतरांचा गुणाकार आणि उरलेल्या दोन रेषांपासूनच्या अंतरांचा गुणाकार यांचं गुणोत्तर कायम एकच राहील. चार रेषांपर्यंत ग्रीकांना जमलं होतं. पण सहाच्या पुढे रेषा गेल्या की प्रश्न विचारणंसुद्धा अवघड व्हायचं.

का? कारण त्यांच्यासाठी लांबी गुणिले लांबी म्हणजे क्षेत्रफळ. तीन लांब्यांचा गुणाकार म्हणजे घनफळ. चार लांब्यांचा गुणाकार म्हणजे? काहीच नाही. अशी वस्तू जगात नाही. तसंच एखाद्या वर्गात एखादी लांबी मिळवणं म्हणजे एकरात किलोमीटर मिळवण्यासारखं. शाळेत आपण क्ष वर्ग अधिक क्ष बिनदिक्कत लिहितो, त्या काळच्या भूमितीवाल्याला ते निरर्थक वाटलं असतं.

इथे देकार्तने जे केलं ते मला माशीपेक्षा कितीतरी मोठं वाटतं. त्याने एक लांबी निवडली आणि तिला १ म्हटलं. बास, इतकंच. आणि मग दाखवलं की १ ठरली की दोन लांब्यांचा गुणाकार ही पुन्हा एक लांबीच असू शकते. तुम्ही स्वतः करून बघा. एका बिंदूतून इंग्रजी व्ही सारख्या दोन रेषा काढा. पहिल्या रेषेवर त्या टोकापासून १ सेंटीमीटरवर आणि ३ सेंटीमीटरवर खूण करा. दुसऱ्या रेषेवर २ सेंटीमीटरवर खूण करा. आता १ ची खूण आणि २ ची खूण जोडा. मग ३ च्या खुणेतून या जोडरेषेला समांतर रेषा काढा. ती दुसऱ्या रेषेला कुठे छेदते? टोकापासून बरोबर ६ सेंटीमीटरवर. दोन त्रिकोण समरूप आहेत, म्हणून १ ला जसे २, तसे ३ ला ६. तीन गुणिले दोन, आणि उत्तर क्षेत्रफळ नाही, साधी रेघ.

आता चार लांब्या गुणा, दहा गुणा, वर्गात लांबी मिळवा, काहीही करा. सगळ्या रेघाच. म्हणजे सगळे आकडेच. भूमितीत जे काही होतं ते बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि वर्गमूळ यांत उतरवता येतं. पॅपसचा प्रश्न त्याने काही आठवड्यांत सोडवला.

मध्यबिंदू काढायला आपण दोन लांब्या बिनधास्त मिळवतो आणि दोनाने भागतो, त्यातली मोकळीक इथून आली.

घाबरलेला लेखक

१६३३ मध्ये देकार्त विश्वाच्या रचनेवरचं मोठं पुस्तक छापायला द्यायच्या बेतात होता. त्यात पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे गृहीत होतं. तेवढ्यात रोममध्ये गॅलिलिओला शिक्षा झाल्याची बातमी आली. देकार्तने पुस्तक बाजूला ठेवून दिलं. ते त्याच्या हयातीत छापलं गेलंच नाही. तो स्वतः प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये सुरक्षित होता, तरी त्याने माघार घेतली. काही जण याला भित्रेपणा म्हणतात. मला तसं म्हणवत नाही, पण चार वर्षांनी त्याने जे छापलं त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, एवढं खरं.

ते १६३७ मध्ये लायडनला छापलेलं पुस्तक म्हणजे पद्धतीवरचा निबंध, आणि त्याला जोडलेली तीन परिशिष्टं: प्रकाशावर, हवामानावर आणि भूमितीवर. तिसऱ्याचं नाव 'ला जिओमेत्री', साधारण १२० पानं. विद्वानांची लॅटिन सोडून पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिलं, म्हणजे कॉलेजात न गेलेल्यांनाही वाचता यावं. मराठीत टेक्नॉलॉजी वाचणाऱ्यांना यामागची कळकळ वेगळी सांगायला नको.

पण गंमत बघा. भाषा सोपी केली आणि भूमिती मात्र मुद्दाम अवघड ठेवली. पायऱ्या गाळल्या, सिद्धता अर्धवट सोडल्या, आणि वर सांगितलं की शोधायचा आनंद वाचकाला मिळावा म्हणून असं केलं. खरं कारण बहुधा हेही होतं, की हे मला आधीच माहीत होतं असं म्हणणाऱ्या टीकाकारांना पकडायचं होतं. डॉक्युमेंटेशन न लिहिता कोड टाकून देणारा एखादा हुशार सीनियर तुम्ही पाहिला असेल, तर देकार्त कसा होता ते कळेल.

त्या पुस्तकात आज काय ओळखीचं वाटतं? माहीत नसलेल्या संख्यांना एक्स, वाय, झेड आणि माहीत असलेल्यांना ए, बी, सी म्हणणं. घात लिहायला अक्षराच्या डोक्यावर छोटा आकडा. हे दोन्ही तिथूनच रूढ झालं. आणि काय नाही? चौकटीचा आलेख कागद नाही. काटकोनात छेदणारे दोन ठरलेले अक्ष नाहीत, तो गरजेप्रमाणे तिरक्या रेषाही घ्यायचा. मध्यबिंदूचं सूत्र सूत्र म्हणून कुठेच नाही. उणे निर्देशक नाहीत. समीकरणाची उणे उत्तरं आली तर त्यांना तो खोटी म्हणायचा. आपल्या वहीतला प्रतल त्याला दाखवला असता तर डावी बाजू आणि खालची बाजू बघून तो बुचकळ्यात पडला असता.

पद्धत मात्र आहे, आणि ती चार वाक्यांत सांगता येते. प्रश्न सुटलाच आहे असं समजा. माहीत असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या लांब्यांना नावं द्या. एकच गोष्ट दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी लिहा, म्हणजे समीकरण मिळेल. जितक्या अज्ञात संख्या तितकी समीकरणं मिळवा आणि सोडवा.

दहावीच्या गणितावर लावून बघू. समांतरभुज चौकोनाचे तीन कोपरे क्रमाने अ (१, २), ब (४, ३), क (६, ६). चौथा ड कुठे? आकृती काढून समांतर रेषा ओढत बसता येईल. देकार्तच्या रस्त्याने: ड सापडलाच आहे समजू, तो (क्ष, य). समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणजे कर्णांचा छेदबिंदू हा दोन्ही कर्णांचा मध्य आहे. एकच बिंदू, दोन रस्ते. अ-क कर्णावरून मध्य (३.५, ४). ब-ड कर्णावरून तोच मध्य म्हणजे ४ अधिक क्ष चे निम्मे, आणि ३ अधिक य चे निम्मे. म्हणून ४ + क्ष = ७, ३ + य = ८. ड आहे (३, ५). आकृती लागलीच नाही. ज्यांना पाठांतराचा कंटाळा येतो त्यांनी ही 'एकच बिंदू दोन रस्त्यांनी' युक्ती धरून ठेवावी, मध्यबिंदूची निम्मी गणितं तिच्यावरच असतात.

याहून भारी एक आहे. कुठलाही वेडावाकडा चौकोन घ्या, चारही बाजूंचे मध्य क्रमाने जोडा, आत समांतरभुज चौकोनच तयार होतो. कायम. देकार्त गेल्यानंतर चार वर्षांनी जन्मलेल्या पिएर वारिन्योंच्या नावाने हे प्रमेय ओळखलं जातं, आणि ते छापलं गेलं १७३१ मध्ये. कोपरे घ्या (०, ०), (८, २), (६, ८), (२, ६). बाजूंचे मध्य: (४, १), (७, ५), (४, ७), (१, ३). समोरासमोरच्या मध्यांचे मध्य काढा. (४, १) आणि (४, ७) चा मध्य (४, ४). (७, ५) आणि (१, ३) चा मध्यही (४, ४). कर्ण एकमेकांना दुभागतात, झालं. आणि असं का होतं ते आकडेच सांगतात: दोन्ही वेळा आपण चारही कोपऱ्यांची बेरीज करून चाराने भागतोय. फक्त बेरजेचा क्रम वेगळा. इतकी स्वच्छ सिद्धता मला आकृतीवरून कधी दिसली नसती.

एक आडवळण, कारण राहवत नाही. हेच सूत्र कॉम्प्युटरवर फसू शकतं. साध्या ३२ बिटच्या पूर्णांकात २१४ कोटींच्या थोडं वरपर्यंतच आकडा मावतो. १५० कोटी आणि १४० कोटी यांचा मध्य काढायला आधी बेरीज केली तर २९० कोटी होतात, ते मावत नाहीत, आकडा उलटून उणे होतो आणि मध्य भलतीकडेच येतो. जावाच्या तयार बायनरी सर्चमध्ये हा बग वर्षानुवर्षं लपून होता आणि २००६ मध्ये त्याची जाहीर चर्चा झाली. उपाय काय? बेरीज करायचीच नाही. एका टोकापासून निघा आणि दोन टोकांमधल्या अंतराच्या निम्मं चाला. कागदावर दोन्ही सूत्रं एकच आहेत, मशीनमध्ये नाहीत.

फर्मा, फ्रान्सिन, एलिझाबेथ

वर मी दोघांपैकी एक म्हटलं. दुसरा पिएर द फर्मा, तुलूझचा न्यायाधीश, गणित फावल्या वेळात. १६३७ च्याच सुमारास त्याचं एक हस्तलिखित पॅरिसला पोचलं. त्यात हीच कल्पना होती, उलट्या दिशेने. देकार्त वक्र घेऊन त्याचं समीकरण शोधायचा. फर्मा समीकरण घेऊन त्याचा वक्र काढायचा. आज आपण आलेख काढतो तो फर्माच्या दिशेने. पॅरिसचा मेर्सेन नावाचा पाद्री सगळ्या गणितज्ञांची पत्रं इकडून तिकडे पोचवायचा, त्याच्यामार्फत दोघांचं भांडण जुंपलं. स्पर्शिका काढायच्या फर्माच्या पद्धतीवर देकार्त तुटून पडला, आणि शेवटी ती बरोबर आहे हे त्याला कसंबसं मान्य करावं लागलं. फर्माने ते हस्तलिखित छापलं नाही. ते बाहेर आलं १६७९ मध्ये, तो गेल्यावर चौदा वर्षांनी. तोवर सगळं 'कार्टेशियन' झालं होतं. जो छापतो त्याचं नाव राहतं.

याच काळात देकार्तच्या आयुष्यात एक छोटी मुलगी होती. हेलेना यान्स ही त्याच्या एका मुक्कामातल्या घरी काम करणारी बाई. तिच्यापासून त्याला १६३५ मध्ये मुलगी झाली, फ्रान्सिन. लग्न झालेलं नव्हतं. सप्टेंबर १६४० मध्ये आमर्सफोर्टला फ्रान्सिन लाल पुरळाच्या तापाने गेली. वय पाच. पुढच्याच महिन्यात त्याचे वडील गेले. आयुष्यातलं सगळ्यात मोठं दुःख हेच, असं त्याच्या जुन्या चरित्रकाराने नोंदवलंय. सगळं जग पद्धतशीर समजून घेता येईल आणि औषधशास्त्रही तसंच सुधारेल अशी आशा १६३७ च्या पुस्तकात लिहिणारा माणूस, आणि तीन वर्षांनी हे.

१६४३ पासून त्याचा पत्रव्यवहार सुरू झाला बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथशी. तिच्या वडिलांचं राज्य गेलेलं, कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. ती तेव्हा चोवीस वर्षांची. मन आणि शरीर वेगळे असतील तर मन हाताला हलवतं कसं, हा तिचा प्रश्न देकार्तला शेवटपर्यंत नीट सोडवता आला नाही. आपल्यासाठी त्याहून महत्त्वाचं पत्र त्या वर्षीच्या नोव्हेंबरमधलं. त्याने तिला एक जुना प्रश्न घातला: तीन वर्तुळं दिली आहेत, तिन्हींना स्पर्श करणारं चौथं वर्तुळ शोधा. मग त्यालाच वाटलं की हे फार अवघड झालं, म्हणून त्याने मार्ग कसा धरायचा ते लिहून पाठवलं. त्यात सल्ला होता, की मदतीच्या रेषा शक्यतो समांतर किंवा काटकोनात घ्याव्यात, म्हणजे पायथागोरस आणि समरूप त्रिकोण यांच्यापलीकडे काही लागत नाही. माझ्या मते आपल्या वहीतल्या अक्षांच्या तो जितका जवळ या पत्रात येतो तितका छापील पुस्तकातही येत नाही. शिकवायची वेळ आली की माणूस सोपं करतो. एलिझाबेथने प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला, त्याने मनापासून कौतुक केलं, आणि १६४४ चं आपलं मोठं पुस्तक तिला अर्पण केलं. गणित आणि तत्त्वज्ञान दोन्ही समजणारी ती एकटीच भेटली, असं त्याचं मत होतं.

पुस्तक सगळ्यांपर्यंत पोचवायचं काम तिसऱ्याच माणसाने केलं. लायडनच्या फ्रान्स व्हान स्कूटेनने १६३७ च्या आवृत्तीच्या आकृत्या काढल्या होत्या. त्यानेच १६४९ मध्ये लॅटिन भाषांतर केलं, आणि गाळलेल्या पायऱ्या टिपा देऊन भरून काढल्या. त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती वाचून केंब्रिजमधला आयझॅक न्यूटन नावाचा विद्यार्थी स्वतःचं स्वतः शिकला, आणि उणे निर्देशक मोकळेपणाने वापरू लागला.

पहाटे पाच वाजता

१६४९ च्या शरद ऋतूत देकार्त स्टॉकहोमला गेला. स्वीडनची राणी ख्रिस्टिना बावीस वर्षांची होती, तिला त्याच्याकडून तत्त्वज्ञान शिकायचं होतं. तिच्याकडे वेळ होता पहाटे पाचला. जन्मभर दुपारपर्यंत बिछान्यात राहिलेला त्रेपन्न वर्षांचा माणूस जानेवारीच्या थंडीत घोडागाडीतून राजवाड्यात जाऊ लागला. भेटी मोजक्याच झाल्या. तो ज्याच्याकडे राहत होता त्या फ्रेंच राजदूताला न्यूमोनिया झाला होता. त्याची शुश्रूषा करता करता देकार्तही आजारी पडला. राजदूत बरा झाला. देकार्त ११ फेब्रुवारी १६५० ला गेला. १६६३ मध्ये त्याची पुस्तकं कॅथलिक चर्चच्या बंदी यादीत गेली, म्हणजे गॅलिलिओच्या वेळी तो घाबरला ते अगदीच उगाच नव्हतं.

१६६६ मध्ये त्याची हाडं फ्रान्सला न्यायला काढली, आणि वाटेत कवटी वेगळी झाली. ती स्वीडनमध्ये हातोहात फिरली, आणि १८२१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने विकत घेऊन पॅरिसला पाठवली. आज पॅरिसमध्ये साँ-जर्मँ-दे-प्रे चर्चमध्ये त्याचं शरीर आहे, आणि त्याचीच मानली जाणारी कवटी नदीपलीकडे म्युझे द लॉम या संग्रहालयाच्या संग्रहात. मन वेगळं आणि शरीर वेगळं म्हणणाऱ्याची ही अवस्था यावर फ्रेंच लोकांनी भरपूर विनोद केलेत.

आपण मध्य काढू. फोनच्या मॅपवर संग्रहालय साधारण (४८.८६२, २.२८९) वर आहे आणि चर्च (४८.८५४, २.३३४) वर. पहिला आकडा अक्षांश, दुसरा रेखांश. अक्षांशांची बेरीज ९७.७१६, निम्मे ४८.८५८. रेखांशांची बेरीज ४.६२३, निम्मे २.३११५. पृथ्वी गोल आहे म्हणून मुंबई ते पॅरिससाठी हे चाललं नसतं, पण तीन-चार किलोमीटरला चालतं. आकडे मॅपमध्ये टाका. पिन पडते सेन नदीच्या डाव्या तीरावर, लेझँव्हालिदच्या मोठ्या मैदानाजवळ.